घरफाळ्यातील शिक्षणकर

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, हे आपण सर्व जाणताच. तो इतिहास मी उगाळीत बसणार नाही. नामदार गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे १९११ चे विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळात बुडाले, त्या वेळी पैसा कोठून आणावयाचा हाही एक आक्षेप होता. महाराजांनी मात्र त्याच १९१७ साली देवस्थानांचे उत्पन्न दरबारच्या ताब्यात आणले आणि शाळांच्या खर्चाची वाट मोकळी केली. शाळेच्या नावाने उत्पन्न बांधून दिल्यावाचून शाळा चालत नाही, हा माझा जुना हेका आहे, आणि आज विषय कोणताही दिला असता तरी मी येथेच येऊन पोहोचलो असतो. (हशा)

महाराजांच्या त्या सक्तीत पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड होता. आमच्या आजोबांच्या तोंडची हकीकत अशी, की त्यांच्या गावचा एक शेतकरी रुपया मुठीत घेऊनच चावडीवर आला आणि म्हणाला, "रुपाया घ्या सरकार, पर म्हशी कुनी राखायच्या, त्येवढं सांगा." चावडीत कोणापाशी उत्तर नव्हते. अखेर मास्तरांनीच तोड काढली: पोराने म्हैस घेऊन यावे, ती शाळेमागच्या बाभळीला बांधावी आणि पाढे म्हणावे. पुढे म्हशींची संख्या वाढली, मास्तरांच्या चहाला दूध मिळू लागले, आणि पटावर नाव नसलेली एक रेडीही नियमाने हजर राहू लागली. (हशा) अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. रेडीला येथेच सोडतो.

आता आजच्या शाळांकडे वळतो. कोल्हापूर महापालिकेच्या शाळांतील शिक्षकांच्या पगाराचा निम्मा भार शासन उचलते, उरलेला निम्मा आणि वर इमारत, गळके छप्पर, पाणी, शौचालय हे सारे नगराच्या तिजोरीवर. आणि ती तिजोरी पूर्वी जकातनाक्यावरच्या रोजच्या रोख वसुलीवर उभी होती. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ साली बव्हंशी उठला, १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, आणि तेव्हापासून आपली महापालिका शासनाच्या भरपाईच्या हप्त्याची वाट पाहते. अशा घरी प्रथम काटछाट होते ती ज्याला तोंड नाही त्याच्या वाट्यात. शाळेच्या बाजूने बोलणारे शिक्षण मंडळ २०१३ च्या दुरुस्तीने बरखास्त झाले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदतही संपली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे अंदाजपत्रक प्रशासकांच्या सहीने मंजूर होत राहिले.

"महापालिकेच्या शाळेत मुलेच येत नाहीत, मग खर्च कशाला?" असे पुढच्या रांगेतून कोणी पुटपुटले. माझी नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, हे आपण विचारण्यापूर्वीच सांगून टाकतो; सुनेपुढे माझे व्याख्यान चालत नाही. (हशा) परंतु गुढीपाडव्याला जरगनगरच्या महापालिका शाळेपुढे प्रवेशासाठी पालकांची रांग लागते, ती पाहून यावे. जेथे शिकवणे चोख आहे, तेथे कोल्हापूरकर पहाटे उठून उभा राहतो.

चिठ्ठी आली आहे, दोनच मिनिटे. घरफाळ्याबरोबर आपण शिक्षणकर भरतो. तो १९६२ च्या कायद्यान्वये वसूल करते महापालिका, जमा होतो मात्र राज्याच्या तिजोरीत. अनुदानाच्या रूपाने तो परत येतोच, असे माझे शासकीय सेवेतील स्नेही मला बजावतात. येत असेल, पण दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या सवडीने आणि दुसऱ्याच्या अटींवर येतो. या नगरात गोळा झालेला शिक्षणकर याच नगराच्या शाळांच्या खाती स्वतंत्र जमा व्हावा आणि त्याचा हिशेब दर वर्षी जाहीर व्हावा, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागेल. तो बदलणारे आमदार आपल्याच दारी मते मागावयास येतात. पुढच्या वेळी ते आले, म्हणजे घरफाळ्याचे बिल हाती घेऊनच त्यांना बैठकीत बसवावे, ही विनंती.