वर्गणीदाराचे दार

बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडून गोराई गावात जायचे, तर बोटीसारखी सोय नाही. सडकेने जाऊ म्हटले तर भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा पडतो. या बोटीचे तिकीट कुठे मिळते, हे नवख्या माणसालाही फारसे शोधावे लागत नाही. बोटीकडे जाणाऱ्या वाटेवरच ते मिळते. साधीच गोष्ट आहे, नाही का? पण ही साधी गोष्ट माझ्यासारख्या एम. ए. झालेल्या, वर्षानुवर्षे वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या माणसाला वेळेवर सुचली नाही. त्याचीच हकीगत आज आपल्याला सांगणार आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी एक लहानसे संकेतस्थळ सुरू केले. गोराई गावातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यातले शब्द गोळा करायचे आणि दर महिन्याला त्यांवर एक लेख द्यायचा, असा बेत. संपादक अर्थातच मी! गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी दोन दुपारी बसून आम्हाला होडीचे, जाळ्याचे, वाऱ्याचे, भरती-ओहोटीचे शब्द सांगितले. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी विचारले, "सर, हे लिहून आलं की मला कळायचं कसं?" मी ऐटीत म्हणालो, "बाबा, नातवाला नाव नोंदवायला सांगा. लेख आला की ई-मेल आपोआप येईल."

लेख आला. दोन महिने गेले. एके दिवशी बोटीत त्यांचा नातू भेटला. तो म्हणाला, "सर, आजोबा रोज विचारतात, आलं का म्हणून. मी पुष्कळ शोधलं, पण नाव नोंदवायची जागाच सापडली नाही." जागा होती हो! पण ती पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, हक्क राखून ठेवल्याच्या ओळीशेजारी. सगळे लेख ओलांडून तिथवर कोण जाणार?

आपल्या जुन्या संपादकांना ही चूक परवडली नसती. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, त्या काळापासून मराठी नियतकालिकांचा जीव वर्गणीदारांत गुंतलेला आहे. 1877 साली टपालखात्याने व्ही. पी. ची सोय केली, 1880 साली मनिऑर्डर आली, आणि दूरच्या खेड्यातल्या वाचकालाही अंक मागवणे सोपे झाले. मासिक उघडावे, तो वर्गणीचा दर आणि व्यवस्थापकांचा पत्ता अनुक्रमणिकेच्या आसपास सापडायचाच. वर्गणी संपत आली की अंकाबरोबर आठवणीची चिठ्ठी यायची. वाचकाच्या मनात इच्छा उत्पन्न होते त्या क्षणी वाट त्याच्या डोळ्यांसमोर हवी, हे त्या मंडळींना नेमके ठाऊक होते.

संकेतस्थळावर ही अनुक्रमणिकेची जागा म्हणजे माथ्यावरची दुव्यांची पट्टी, जिला आपण मेनू म्हणतो. 'मुखपृष्ठ', 'लेख', 'संपर्क' असे शब्द तिच्यावर असतात. वाचक कोणत्याही पानावर उतरला तरी ही पट्टी त्याच्या डोक्यावर असते; आणि बहुधा ती एकाच जागी तयार होत असल्यामुळे तिथे एक दुवा वाढवला की तो सगळ्या पानांवर दिसू लागतो. काम दहा मिनिटांचे. पण त्या दहा मिनिटांत मला तीन गोष्टी शिकाव्या लागल्या.

पहिली गोष्ट शब्दाची. मी हौसेने 'वर्गणीदार व्हा' असे लिहिले. विद्यार्थी हसले. "सर, वर्गणी म्हटलं की लोकांना गणपतीचं पावतीपुस्तक दिसतं!" खरेच होते. मग आम्ही लिहिले, 'नवे लेख ई-मेलने मिळवा', आणि आतल्या पानावर 'विनामूल्य' हा शब्द ठळक केला. दुसरी गोष्ट फोनची. फोनच्या अरुंद पडद्यावर ही पट्टी तीन आडव्या रेघांमागे लपते. तेव्हा हा एक दुवा आम्ही रेघांच्या बाहेर काढला, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटीही दिला. लेख आवडला तर माणूस तिथेच असतो ना!

तिसरी गोष्ट विश्वासाची. काहींना आपला पत्ता कोणाला द्यायचा नसतो. त्यांच्यासाठी आरएसएस नावाची सोय आहे. ती 1999 साली नेटस्केप कंपनीत जन्मली. संकेतस्थळ आपल्या ताज्या लेखांची यादी एका ठिकाणी ठेवते, आणि वाचकाकडचे ॲप ती अधूनमधून पाहून येते. पत्ता देण्याची गरजच नाही. गूगलचे 'रीडर' 2013 साली बंद पडले आणि या सोयीचा बोलबाला ओसरला. पण सोय आजही चालू आहे. म्हणून तोही दुवा आम्ही पट्टीत ठेवला. आणि जे पत्ता देतात त्यांच्यासाठी प्रत्येक ई-मेलच्या खाली 'नाव कमी करा' अशी ओळ. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हे तत्त्व आता 2023 च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही आले आहे. कायदा नसता तरी घराला आत यायचे दार ठेवून बाहेर जायचे बंद करणे, हे सभ्यपणाचे नव्हे.

आता त्या बाबांचे काय झाले, असे आपण विचाराल. नातवाने नाव नोंदवले, लेख त्यांना वाचून दाखवला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "सर, भांग म्हणजे ओहोटी असं तुम्ही लिहिलंय. चूक आहे ते." अष्टमीच्या सुमारास पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्या दिवसांना भांग म्हणतात, उधाणाच्या उलट. त्यांनी ते आम्हाला नीट सांगितले होते, उतरवून घेताना चुकलो आम्ही. दोन महिने ती चूक जगापुढे उभी होती, आणि ती दुरुस्त करू शकणारा माणूस खाडीपलीकडे आमच्या ई-मेलची वाट पाहत बसला होता.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी गावाचे, शाळेचे, ग्रंथालयाचे असे स्थळ चालवीत असाल, तर आज घरी ते एकदा फोनवर उघडून पाहा. नाव नोंदवायची जागा परक्या माणसाच्या नजरेने शोधा. ती शोधावी लागली, तर समजा की आपलेही कोणी बाबा वाट पाहत असतील.