गाडी फटाके का फोडते?

(कार्यकर्ते व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जुन्या पिकअपच्या दुरुस्तीसाठी तुमच्यापैकी पुष्कळांनी दान दिलं. भेटलात की एकच विचारता, "ताई, ती गाडी अजून बार काढते का?" म्हणून आज मी गाडीबद्दलच बोलणार आहे. ईशज्ञानाच्या पदविकेत कार्ब्युरेटर शिकवत नाहीत. जे सांगते ते चांदसैली घाटात गाडी चालवून आणि मिस्त्रीच्या शेजारी उकिडवं बसून शिकलेलं आहे.

हा विषय मेळाव्यात कशाला, असं कुणाला वाटेल. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. पाड्यापासून त्या रस्त्यापर्यंत माणसाला आणायचं काम आपली पिकअप करते. घाटात ती बंदुकीसारखा आवाज काढू लागली तेव्हा एका पाड्यावरच्या आजींनी मला स्वच्छ सांगितलं, "बाई, या गाडीत मी सुनेला बसवणार नाही. पेटली तर?" ती सून सात महिन्यांची गरोदर होती. आजींची भीती खोटी नव्हती, त्याबद्दल पुढे बोलते.

आधी मूळ गोष्ट. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरच्या आत, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना जळायला हवं. ते बाहेर कुठेतरी जळलं की बार होतो. (डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो, त्यामुळे आजचं बोलणं पेट्रोलच्या जुन्या गाड्यांपुरतं.) हे बाहेरचं जळणं दोन जागी होतं. एक, मागे सायलेन्सरच्या नळीत. दुसरं, पुढे बॉनेटखाली, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हींना आपण बॅकफायर म्हणतो, आणि इथेच घोळ होतो. कारण त्यांची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात.

आपल्या गाडीच्या बाबतीत वेगवेगळ्या गॅरेजमध्ये तीनदा काम झालं. एकाने प्लग आणि पॉइंट बदलले, एकाने कार्ब्युरेटर उघडून नवं किट टाकलं, एकाने सायलेन्सरचा डबा बदलला. यातला कुठलाच भाग फुकट गेला असं नाही, पण बार थांबला नाही. माझं मत विचाराल तर, मिस्त्रीने "बदलून बघू" म्हटलं की त्याला आधी विचारावं, "मोजून काय बघितलं?" पैसा मंडळीच्या दानपेटीतला असतो.

मग आम्ही डॅशबोर्डवर एक वही ठेवली. जो गाडी चालवील त्याने बार झाला की लिहायचं : चढ की उतार, इंजिन गार की तापलेलं, पाय ॲक्सिलरेटरवर की उचललेला, आवाज पुढून की मागून. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. उतारावर, पाय उचलला की मागून फटफट. चढावर, इंजिन पुरतं तापल्यावर, पाय दाबला की पुढून एकच मोठा बार. सकाळी गार इंजिनाला काही नाही. म्हणजे आजार एक नव्हता, दोन होते, आणि प्रत्येक गॅरेजने आपापल्या वेळी ऐकलेल्या आवाजावर औषध दिलं होतं.

ही वही घेऊन आम्ही एका वयस्कर मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि मागच्या आवाजापासून सुरुवात केली. गार इंजिन चालू केलं, मदतनिसाला ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर धरायला लावलं आणि स्वतः बॉनेटखाली कान दिला. मॅनिफोल्ड आणि नळीच्या जोडावर फुस्स आवाज, शेजारी काजळीचा काळा डाग. डबा नवा होता, जोडावरचं गॅस्केट मात्र जुनंच. उतारावर पाय उचलला की थोडं न जळलेलं पेट्रोल नळीत जातं, फाटलेल्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि तापलेल्या नळीत दोघं भेटतात. गॅस्केट बदललं, फटफट बंद.

पुढचा आवाज अवघड होता. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून प्लगच्या वायरी पाहिल्या, कुठे ठिणगी उडत नव्हती. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला आतून तडा नव्हता. टायमिंग जागेवर होतं, पेट्रोलचा फिल्टर स्वच्छ होता. मग काकांनी इंजिन मुद्दाम चांगलं तापवलं, सगळे प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावलं. तीन सिलिंडर १५० पौंडांच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा ९५. सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांत जास्त आकड्याच्या पाऊण हिश्श्याखाली गेला की तिथे दुखणं आहे असं समजावं. त्यांनी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर रिंगा झिजल्या म्हणायच्या. वाढला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह.

टॅपेटचं झाकण काढलं. तिसऱ्याच्या इनलेट व्हॉल्व्हला फट जवळजवळ उरलीच नव्हती, फीलर गेजची सगळ्यांत पातळ पट्टीसुद्धा जाईना. व्हॉल्व्ह तापला की लांबतो, म्हणून ती फट ठेवलेली असते. फट संपली की तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, चढावर जोर आला की जाळ त्याच्या कडेने मॅनिफोल्डमध्ये घुसतो आणि तिथलं मिश्रण पेटवतो. आपल्याकडे टॅपेट वाजला की काळजी करतात. काका म्हणाले, थोडा वाजणारा बरा, अगदी गप्प बसलेला जास्त वाईट. फट कंपनीच्या मापाने लावली, पुन्हा मोजलं, आकडा १४० वर आला. न येता तर व्हॉल्व्ह जळला असं समजून हेड उतरवावं लागलं असतं.

आता आजींच्या भीतीबद्दल. कार्ब्युरेटरमधून बार होतो तेव्हा खरा जाळ बाहेर येतो. गाडी चालू होत नसेल तर बाटलीने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतायची सवय खेड्यापाड्यात सर्रास आहे. कृपा करून आपल्या कुठल्याही गाडीवर हे करू देऊ नका. त्या जाळाने चेहरा आणि हात भाजतात, हातातली बाटली पेटते. एअर फिल्टरचा डबा काढून गाडी चालवू नका, तो जाळ अडवतो. पेट्रोलची नळी चिरलेली असेल तर ती आधी बदला, बाकीचं नंतर. आणि बार काढणाऱ्या गाडीत, ती बरी होईपर्यंत, पेशंट घेऊ नका.

फट लावल्यापासून चांदसैलीच्या सात फेऱ्या झाल्या. वहीत बारची एकही नोंद नाही. आजींच्या सुनेला आठव्या महिन्यात तपासणीसाठी याच गाडीतून नेलं. आजी स्वतः पुढच्या सीटवर बसल्या होत्या, खिडकीची काच पूर्ण खाली करून.

उरलेल्या दानातून आम्ही कॉम्प्रेशन गेज आणि फीलर गेजचा संच घेतला आहे. इतर केंद्रांच्या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठीही तो मिळेल. फक्त येताना दोन आठवड्यांची वही लिहून आणा. कोऱ्या वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत.