हादरा जमिनीला, तरंग आकाशात

भूकंप म्हटला की आपली नजर खाली जाते. भेगा, ढिगारे, पडलेल्या भिंती आपल्याला दिसतात. आज मी तुम्हाला वर बघायला सांगणार आहे, ढगांच्याही पलीकडे, सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर. मोठ्या भूकंपाची खबर दहा मिनिटांच्या आत तिथे पोहोचते.

ती कशी पोहोचते? मोठ्या भूकंपात जमीन किंवा समुद्राचा पृष्ठभाग एकदम वरखाली होतो आणि त्यावरची हवा ढकलली जाते. ढोलाच्या पानावर थाप पडावी, तसेच हे. यातून निघणारा ध्वनी इतका खर्जातला असतो की आपल्या कानांना तो ऐकूच येत नाही. पण तो वर चढत राहतो. वर हवा विरळ होत जाते. लाट तीच, हलवायची हवा मात्र कमी. म्हणून तिचा झोका वाढत जातो. आसूड ओढताना मूठ थोडीच हलते, पण टोकाचा फटकारा जबर असतो. इथेही जमिनीवरची मिलिमीटरची हालचाल वर जाईपर्यंत हजारो पटींनी वाढते.

त्या उंचीवर आयनांबर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तिथे असंख्य मोकळे इलेक्ट्रॉन असतात. जीपीएस उपग्रहांचे संदेश याच थरातून खाली येतात आणि इलेक्ट्रॉनांमुळे किंचित रेंगाळतात. हा उशीर मोजला की वरची खळबळ कळते. १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर ही खळबळ शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली होती. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला, तेव्हा तिथल्या बाराशेहून अधिक जीपीएस केंद्रांनी तिचे जणू चित्रच काढले. तळ्यात दगड पडावा तशी वलये आयनांबरात पसरत गेली होती.

याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. २६ डिसेंबर २००४ ची सकाळ आठवा. सुमात्राजवळ आपल्या घड्याळाप्रमाणे साडेसहाच्या सुमारास भूकंप झाला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा आल्या त्या नऊच्या सुमारास. मध्ये दोन तासांहून अधिक वेळ होता, तरी भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्या भूकंपाच्या खुणाही आयनांबरात उमटल्या होत्या, पण त्या वाचल्या गेल्या नंतर, सवडीने.

आता त्या लगेच वाचता येऊ लागल्या आहेत. त्सुनामी भर समुद्रातून जाताना वरची हवा हलवत जाते. किनाऱ्यावरचे जीपीएस केंद्र क्षितिजाकडच्या उपग्रहाचे संदेश घेते, तेव्हा दूरच्या समुद्रावरचे आयनांबर त्याच्या टप्प्यात येते. जुलै २०२५ मध्ये कामचाटकाजवळ ८.८ रिश्टरचा भूकंप झाला, तेव्हा नासाच्या ‘गार्डियन’ प्रणालीने अशाच खुणा टिपल्या. हवाई बेटांवर लाट पोहोचण्याआधी अर्धा तास तज्ज्ञांना त्सुनामीची खात्री पटली होती.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे भूकंपाचे भाकीत नव्हे. भूकंपाआधीच आयनांबर बदलते, असे दावे होतात. पण ते वादातीत नाहीत. सौर वादळांनीही तिथे खळबळ माजते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ६.२ रिश्टरचा होता. एवढ्या भूकंपाची खूण आकाशात सहसा दिसत नाही, आणि दिसली असती तरी घरे पहिल्या मिनिटातच पडली होती. तिथे उपाय एकच, मजबूत घर.

किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आल्या. तसे पुन्हा घडले, तर हाताशी असलेले एकेक मिनिट मोलाचे असेल. हैदराबादला २००७ पासून आपले त्सुनामी इशारा केंद्र काम करते आहे. भूकंपमापक आणि समुद्रातली उपकरणे यांच्या जोडीला आकाशाची ही साक्षही मिळाली, तर कोळीवाड्यातल्या माणसाला होड्या सोडून उंचावर जायला थोडा अधिक वेळ मिळेल.