पद मिळवणे आणि पद घडवणे

(पुण्याच्या मंडईत टपाल कर्मचारी आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वास्तूच्या सावलीत ही सभा भरली आहे, तिला आज महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. परंतु ही वास्तू उभारण्याची योजना पुढे आली तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत खुद्द जोतीराव होते, याचे स्मरण मंडईत रोज येणाऱ्यांनाही क्वचितच असते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या भव्य इमारतीवर पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही. मंडई उभी राहिली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले आणि कालांतराने त्याच मंडईला विरोधकाचे नाव देऊन पुण्याने आपले ऋण थोडेफार फेडले. १८८२ सालीच हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी विचारलेला प्रश्न असा होता की, सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येत असेल, तर त्या पैशातून मिळणारे शिक्षण आणि त्या शिक्षणातून मिळणाऱ्या सरकारी जागा वरच्या वर्गांच्याच पदरात का पडाव्यात?

तो प्रश्न आज या सभेत दोन रूपांनी हजर आहे. एका बाजूला टपाल खात्याचे कर्मचारी बसले आहेत. दुसऱ्या बाजूला सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेतील अभ्यासिकांमधून आलेले विद्यार्थी आहेत. येथून थोड्याच अंतरावर लक्ष्मी रस्त्यावर सिटी पोस्ट आहे आणि त्याच्याही अलीकडे-पलीकडे अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने आहेत. दोघांचे रस्ते रोज एकमेकांना छेदतात. तरीही कामगाराला वाटते की परीक्षा हा पोरांचा प्रश्न आहे, आणि विद्यार्थ्याला वाटते की संघटना ही नोकरी लागल्यानंतरची गोष्ट आहे. हा समज दोघांच्याही हिताच्या आड येतो, एवढेच आज येथे मांडावयाचे आहे.

प्रथम परीक्षेविषयी. सरकारी भरतीची परीक्षा ही केवळ घोकंपट्टीची चक्की आहे, अशी तिची हेटाळणी करणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरात कोणी साहेब नाही, ज्याला शिफारशीची चिठ्ठी देणारा मामा नाही, त्याच्यासाठी ही परीक्षा वशिल्याविरुद्धची ढाल आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या तेव्हा बंद दाराला पहिली मोठी फट पडली. पुढे संविधानाने समान संधीचा हक्क दिला. त्या हक्काला व्यवहारात उतरवण्याचे साधन म्हणजे जाहीर झालेली जागा आणि सर्वांना खुली असलेली परीक्षा. म्हणूनच परीक्षेचा पेपर फुटतो तेव्हा केवळ एक गुन्हा घडत नाही. एका शेतमजुराच्या मुलीचा संविधानाने दिलेला हक्क चोरीला जातो.

आता त्या पदाविषयी. ज्या पदासाठी तरुण आपल्या आयुष्याची पाच-सहा वर्षे खर्च करतात, त्या पदाला हे मोल कोणी दिले? निश्चित वेतन, महागाई भत्ता, रजा, निवृत्तिवेतन, चौकशीशिवाय काढून न टाकण्याची हमी हे सारे सरकारने आपण होऊन दिले, असे मानणे इतिहासाला सोडून होईल.

११ जुलै १९४६ रोजी देशभरातील पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतील टपाल कर्मचारी संपावर गेले. मुंबईचे व्ही. जी. दळवी हे त्यांचे पुढारी होते. सोळा मागण्या होत्या. २९ जुलै रोजी या संपाच्या पाठिंब्यासाठी कलकत्ता शहर पूर्णपणे बंद राहिले. ज्या हातांनी घरोघरी पत्रे पोचवली, त्या हातांसाठी गिरणीतला मजूर आणि ट्रामचा वाहक रस्त्यावर उतरला, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच वर्षी नेमलेल्या पहिल्या वेतन आयोगाने १९४७ साली महागाई भत्त्यासह ५५ रुपयांचे किमान वेतन सुचवले. आयोग कागदावर लिहितो खरा, पण त्याच्या शाईत रस्त्यावरचे आवाज मिसळलेले असतात.

१९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन हे कुटुंबाच्या गरजांवरून ठरावे, असे तत्त्व मान्य केले. ते तत्त्व केंद्र सरकारने आपल्याच कर्मचाऱ्यांना लागू करावे म्हणून जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप झाला. टपाल व तार कर्मचारी त्यात आघाडीवर होते. पुण्याचे एस. एम. जोशी, कोकणचे नाथ पै आणि गोव्याचे पीटर अल्वारिस या समाजवादी नेत्यांनी त्या लढ्याची धुरा वाहिली. सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरवला. पुढे १९ सप्टेंबर १९६८ रोजी एका दिवसाचा लाक्षणिक संप झाला, तेव्हाही वटहुकूम निघाला आणि असंख्य कर्मचाऱ्यांवर निलंबनाची व बडतर्फीची कुऱ्हाड कोसळली. त्या दिवशी ज्यांनी नोकरी पणाला लावली, त्यांच्यामुळे आजची नोकरी पणाला लावण्याजोगी झाली. परीक्षेच्या पुस्तकात वेतन आयोगांचा क्रम पाठ करावा लागतो. या संपांना मात्र त्यात ओळसुद्धा मिळत नाही.

संघटनेवाचून पदाचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर त्याच टपाल खात्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावे. गावातील शाखा टपाल कार्यालय चालवणाऱ्याला पूर्वी ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत. आज ‘ग्रामीण डाक सेवक’ म्हणतात. देशात असे सुमारे अडीच लाख सेवक आहेत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हे लोक सरकारचे नागरी पदधारक आहेत आणि त्यांना रीतसर चौकशीशिवाय काढता येणार नाही. तरीही त्यांना नियमित कर्मचाऱ्याचे वेतन आणि निवृत्तिवेतन मिळाले नाही. त्यांचे काम चार-पाच तासांचे मानले जाते. डोंगर चढून वस्तीवर जाण्याला आणि खातेदाराची वाट पाहण्याला घड्याळात जागा नसते. कमलेश चंद्र समितीने २०१६ साली अहवाल दिला, तो धूळ खात पडला. मे २०१८ मध्ये ग्रामीण सेवकांनी देशव्यापी संप केला, तेव्हा कोठे ६ जून रोजी मंत्रिमंडळाने सुधारित मोबदल्यास मंजुरी दिली. चार तासांच्या कामासाठी शाखा पोस्टमास्तरला मूळ बारा हजार आणि इतर सेवकाला दहा हजार. अहवाल दीड वर्ष पडून होता आणि संपाने तो दोन आठवड्यांत उठवला, हा धडा विसरण्याजोगा नाही.

या ग्रामीण सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. पण पोस्टमन होण्यासाठी त्याला खात्यांतर्गत परीक्षा द्यावी लागते. म्हणजे संघटनेचा सभासद आणि परीक्षेचा उमेदवार ही दोन माणसे नाहीत. ते एकाच अंगावरचे दोन सदरे आहेत. जुलै २०१९ मध्ये टपाल खात्याची अशीच एक परीक्षा केवळ इंग्रजी आणि हिंदीतून घेण्यात आली. तमिळनाडूच्या खासदारांनी संसदेत आवाज उठवला, तेव्हा ती रद्द करून प्रादेशिक भाषांतूनही घेण्याचे मंत्र्यांना जाहीर करावे लागले. मराठी मुलखात मराठीतून पत्ते वाचून टपाल वाटणाऱ्याला मराठीतून परीक्षा देण्याचा हक्क आहे, हे महाराष्ट्राने मोठ्याने म्हणावयास हवे होते. लढा तमिळांनी दिला. लाभ मराठी सेवकालाही झाला. कर्मचारी निवड आयोगाच्या काही परीक्षा मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय २०२३ साली झाला, तोही अशाच दीर्घ मागणीचा परिणाम होय.

आता विद्यार्थी मित्रांकडे वळावे. २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. शुल्क खुल्या वर्गासाठी एक हजार आणि राखीव वर्गासाठी नऊशे रुपये. नऊशेच्या दराने हिशेब केला तरी रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते. हा पैसा कोणाच्या खिशातून आला? गावाकडे सोयाबीन विकून, बहिणीचे लग्न पुढे ढकलून पाठवलेल्या पैशांतून आला. एके काळी परीक्षेच्या अर्जाला पोस्टल ऑर्डर जोडावी लागे आणि खानावळीचे पैसे मनीऑर्डरीने येत. पोस्टमन बोलावण्याचे पत्र घेऊन आला की सारा वाडा गोळा होई. आता अर्ज संगणकावर भरला जातो आणि पैसे तारेविना जातात; परंतु पाठवणाऱ्याच्या हातावरचे घट्टे तेच आहेत.

दोनशे जणांतील एकशे नव्व्याण्णव जणांना सांगितले जाते की, तुम्ही कमी पडलात. अभ्यास कमी पडला, चिकाटी कमी पडली. जागाच कमी होत्या, हे मात्र कोणी सांगत नाही. रिक्त पदे वर्षानुवर्षे न भरणे हा धोरणाचा भाग असतो. पण त्याचे अपयश उमेदवाराच्या माथी मारले जाते. एकट्याने अभ्यासिकेच्या खुर्चीत बसून या अपयशाशी झुंजणाऱ्या तरुणाला आपल्या शेजारच्या खुर्चीतील तरुण हा प्रतिस्पर्धी वाटतो. परीक्षेच्या पद्धतीला हेच सोयीचे असते.

परंतु पुण्याच्या याच पेठांनी दुसरेही चित्र पाहिले आहे. ११ मार्च २०२१ रोजी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा अवघे तीन दिवस उरले असता पुढे ढकलली गेली. नवी पेठेतील शास्त्री रस्ता विद्यार्थ्यांनी भरून गेला आणि परीक्षा २१ मार्चला घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या वर्णनात्मक पद्धतीची अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे न्यावी म्हणून मुले पुन्हा रस्त्यावर आली आणि आयोगाने ते मानले. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या तेव्हाही तेच घडले. तीन वेळा प्रतिस्पर्धी एकत्र बसले आणि तीनही वेळा त्यांचे काही ना काही ऐकले गेले. मात्र तीनही वेळा निर्णय होताच ते पांगले. तारीख मिळाली, पण जागा किती, केव्हा आणि कायम की कंत्राटी, हे विचारणारी कायमची फळी मागे उरली नाही.

तोच प्रश्न सर्वांत मोठा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. राज्यभर असंतोष उसळला आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला. विचार मागे गेला असे समजू नये. पदच कंत्राटी झाले तर परीक्षेत पहिला येणाराही हरलेलाच असेल. आणि नियमित भरती थांबली तर संघटनेचे सभासद एकेक करून निवृत्त होतील व शेवटचा सभासद दिवा मालवून घरी जाईल.

संघटनाही दुबळी केली जात आहे. २५ एप्रिल २०२३ रोजी टपाल खात्याने राष्ट्रीय टपाल कर्मचारी महासंघाची आणि त्यातील तृतीय श्रेणीच्या मोठ्या संघटनेची मान्यता काढून घेतली. संघटनेच्या पैशातून शेतकरी आंदोलनाला मदत दिल्याचा ठपका त्यामागे होता. १९४६ साली गिरणी मजूर पोस्टमनसाठी उभा राहिला, ते चांगले. २०२३ साली पोस्टमन शेतकऱ्यासाठी उभा राहिला, तो मात्र अपराध! ज्या शेतकऱ्याच्या दारात पोस्टमन रोज जातो, त्याच्याविषयी त्याने सहानुभूती बाळगू नये, असा हा नियम आहे.

तथापि दोष केवळ सरकारचा नाही. संघटनांनीही आत्मपरीक्षण केले पाहिजे. नियमित कर्मचाऱ्याची वेतनश्रेणी मिळवताना ग्रामीण सेवकाचा प्रश्न कित्येकदा मागण्यांच्या यादीत शेवटी ढकलला गेला. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बेकार तरुणाकडे तर संघटनेने पाहिलेच नाही. मग त्या तरुणाने संपाच्या दिवशी बंद खिडकीपुढे उभे राहून कर्मचाऱ्याला दूषण दिले, तर त्याचा दोष त्याला एकट्याला देता येणार नाही.

यावर उपाय फार दूरचा नाही. संघटनेच्या प्रत्येक शाखेने आपल्या कार्यालयातील रिक्त पदांची यादी तयार करून ती सूचनाफलकावर लावावी, म्हणजे ती अभ्यासिकांपर्यंत पोचेल. ज्यांनी खात्यांतर्गत परीक्षा दिल्या आहेत, त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ ग्रामीण सेवकांना आणि गरीब विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी द्यावी. विद्यार्थ्यांनी पेठांतील अभ्यासिकांची कायम समिती उभारावी आणि तिने शुल्क, वेळापत्रक, पेपरफुटी आणि कंत्राटीकरण या चार प्रश्नांवर वर्षभर पाठपुरावा करावा. ज्याला पद मिळेल, त्याने पहिल्या पगाराबरोबर संघटनेची वर्गणी भरावी. आणि ज्याला मिळणार नाही, त्याने समितीतील आपली खुर्ची सोडू नये.

शेवटी या मंडईकडेच पाहावे. येथे पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाने कोणतीही परीक्षा दिली नव्हती. त्याच्यापाशी ना नेमणुकीचे पत्र होते, ना मालकाचे नाव. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांनी हे माणूसपण उभे केले. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला आणि ज्याला कालपर्यंत ‘ए हमाल’ म्हणून हाक मारली जाई, त्याला भविष्य निर्वाह निधीचा हक्क मिळाला. अंगठा उठवणाऱ्याने जे करून दाखवले, ते पदवीधरांना अशक्य असण्याचे कारण नाही.

जोतीरावांनी पैसा इमारतीऐवजी शाळेवर खर्चावा असे म्हटले, कारण शिकलेला माणूस आपला हक्क मागेल, अशी त्यांची श्रद्धा होती. शिकून केवळ रांगेत उभे राहावे, एवढ्यासाठी त्यांनी शाळा काढल्या नव्हत्या. पद मिळवण्यासाठी अभ्यास हवा, पण ते पद टिकवण्यासाठी आणि मागून येणाऱ्यासाठी आणखी पदे निर्माण करण्यासाठी संघटना हवी. सिटी पोस्ट आणि अभ्यासिका यांच्यामधले अंतर दहा मिनिटांचे आहे. ते आज, या सभेतून बाहेर पडतानाच, चालून जावे.