पहिली वीस मिनिटं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली, ते खरंच आहे. पोट त्यावरच चालतं. पण आज मला बोलायला सांगितलंय ते माझ्या दुसऱ्या उद्योगाबद्दल. पुण्यात आमच्या घराजवळच्या वाचनालयाच्या सभागृहात मी गेली नऊ वर्षं, मधला कोविडचा खंड सोडला तर, पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोवादनाचे कार्यक्रम करते. महिन्याचा दुसरा रविवार, संध्याकाळी साडेपाच. खुर्च्या ऐंशी. प्रवेश विनामूल्य, दाराशी देणगीची पेटी.

"तुला पियानो कुठून सुचला गं?" असं काल रात्री तिघींनी विचारलं. आपल्या शाळेत होती ती फक्त वाजवायची पेटी. तिची मधली एक पट्टी दाबली की वर यायची नाही, आठवतं ना? पियानो मी जवळून पाहिला तो नोकरी लागल्यावर आणि शिकायला बसले तिशी उलटल्यावर. अजूनही बेताचंच वाजवते. म्हणून दुसऱ्यांना वाजवायला बोलावते!

आमचा पियानो शेजारच्या एका आजोबांनी घर बदलताना दिला. पट्ट्या ८८, आत सव्वादोनशेच्या आसपास तारा. पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि सूर चढतात, कोरड्या दिवसांत ते उतरतात. वर्षातून निदान दोनदा ट्यूनरला बोलवावं लागतं. सर्व्हर बंद पडला तर मी रात्री दोन वाजता उठून तो चालू करीन, पण तार उतरली की माझी इंजिनिअरिंगची पदवी काही कामाची नाही.

पहिल्या वर्षी मी दारावर एक पाटी लावली होती : 'सोनाटाच्या दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत.' झालं! बैठकीत मान डोलवून 'वा' म्हणणारी आपली माणसं, ती खोकायलाही घाबरायला लागली. पुढे वाचनात आलं की १८१३ साली व्हिएन्नात बीथोव्हनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा श्रोत्यांना दुसरा भाग इतका आवडला की तो तिथल्या तिथे पुन्हा वाजवावा लागला. त्याच आठवड्यात पाटी काढली. आता सुरुवातीला मीच मराठीतून दोन मिनिटं सांगते की काय वाजणार आहे आणि त्यात काय ऐकायचं.

ही चूक सोपी होती, पाटी काढून सुधारली. दुसरी तशी नव्हती.

चार वर्षांपूर्वी अकरावीतली एक मुलगी आमच्याकडे पहिल्यांदाच वाजवणार होती. बाखने १७२२ मध्ये सगळ्या सुरावटींमधून प्रेल्यूड आणि फ्यूगच्या चोवीस जोड्यांचा संग्रह केला, त्यातली सी मायनरची जोडी तिने घेतली होती. फ्यूगमध्ये एकच धून तीन आवाजांत एकामागोमाग येते. डोकं आणि दोन्ही हात पणाला लागतात. सहा महिने तिची तयारी चालली होती. कार्यक्रमाला पंधरा दिवस असताना एका नावाजलेल्या पियानोवादकांचा निरोप आला, की तोच एक रविवार मोकळा आहे आणि पूर्ण वेळ हवा. मी त्या मुलीच्या आईला फोन केला. "पुढच्या महिन्यात नक्की," म्हणाले.

त्या संध्याकाळी लोक भिंतीला टेकून उभे होते. देणगीची पेटी भरली. मी खूष! पुढच्या महिन्यासाठी फोन केला, तर आई म्हणाली, "आता बारावीचे क्लास सुरू झालेत, राहू द्या." मग दोनदा निरोप पाठवला. उत्तर गोड आलं, ती आली नाही. तिचं काहीच चुकलं नाही.

तेव्हा मला आपलं नववीचं गॅदरिंग आठवलं. स्वागतगीताच्या तालमीत पेटीवर मी सारखी चुकत होते. प्रमुख पाहुणे मोठे होते, म्हणून बाहेरून वादक आणावा असं ठरत आलं होतं. आपल्या संगीताच्या बाई म्हणाल्या, "वाजवेल तर हीच." आणि मी रंगमंचावरही दोन ठिकाणी चुकले! बाईंना बोलणी बसली असतील, पण मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी जे केलं, ते मी त्या मुलीसाठी केलं नाही, हे कळायला मला सभागृह भरावं लागलं.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे. पाहुणा कितीही मोठा असो, पहिली वीस मिनिटं शिकणाऱ्याची. आमंत्रण देतानाच तसं सांगते. दोघांनी नकार दिला. बाकीचे येतात आणि ती वीस मिनिटं पहिल्या रांगेत बसून ऐकतात. या जुलैत एक दहा वर्षांचा मुलगा मध्येच अडकला आणि थांबला. सभागृह थांबलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, "वा!" पाटी काढली होती ते बरं झालं.

शाळेसाठी आपण निधी जमवतोय. त्यातून नवी पेटी येईलच, त्याची जबाबदारी मी घेते. पण मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. दहावीच्या वर्गाचा संगीताचा तास गणिताला देऊ नका. मी गणितावरच जगते, म्हणून हे सांगायचा मला थोडा हक्क आहे. आणि गॅदरिंगला पेटीवर चुकणारी मुलगी असेल, तर तिलाच बसवा.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. तेव्हा म्हणायचं राहिलं होतं, ते आज म्हणते.

धन्यवाद.