अमली पदार्थांचा खटला आणि आरोपीचा वकील



गांजा, एमडी (मेफेड्रोन) विकणाऱ्यांची वकिली तुम्ही करताच कशी, असं मला लोक विचारतात. धडधाकट पोरं या विषापायी वाया गेलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, तेव्हा त्या विचारण्यामागचा राग मला कळतो. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की जो पकडला तो विकणाराच. ते ठरवायचं असतं कोर्टानं. कोर्ट ते कशावरून ठरवतं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

१९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. इतके कडक कायदे आपल्याकडे थोडे. गांजा २० किलोच्या वर, चरस एक किलोच्या वर, हेरॉईन २५० ग्रॅमच्या वर, एमडी ५० ग्रॅमच्या वर गेलं, की ते व्यावसायिक प्रमाण. शिक्षा किमान १० वर्षं, कमाल २०, आणि दंड निदान एक लाख. जामीन मागायला गेलात तर कलम ३७ आडवं येतं. सरकारी वकिलानं विरोध केला, तर हा माणूस गुन्हेगार नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. तीही एकसुद्धा साक्षीदार तपासला जाण्याआधी! दोषारोपपत्राला एरवी जास्तीत जास्त ९० दिवस, इथे १८०. शिवाय माल ताब्यात होता हे एकदा सिद्ध झालं, की पुढचं बरंचसं आरोपीनं खोडून काढायचं.

आता पुरावा काय असतो ते बघा. खुनाच्या खटल्यात प्रेत असतं, नातेवाईक असतात. इथे बहुधा कुणी फिर्यादीच नसतो. खबर पोलिसांना मिळते, छापा पोलीस घालतात, फिर्याद पोलीस देतात, तपासही पोलीसच करतात. बाहेरचे म्हणावेत असे दोन पंच, आणि उलटतपासणीत कळतं की त्यातल्या एकानं त्याच पोलीस ठाण्यासाठी आधीही पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत. म्हणून कायद्यानं पोलिसांना पायऱ्या घालून दिल्या. बंदिस्त जागेबद्दल खबर आली की ती लिहून काढा आणि ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवा. अटक आणि जप्तीचा अहवाल ४८ तासांत द्या. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढा.

कलम ५० घ्या. अंगझडतीआधी माणसाला सांगावं लागतं, की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती घ्या म्हणण्याचा तुला हक्क आहे. हे सांगितलं नाही, तर केवळ त्या झडतीत मिळालेल्या मालावर शिक्षा टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १९९९ मध्ये सांगितलं. २०१४ च्या एका निकालात तर आरोपी दोघे, नोटीस एकच, आणि एकानं दोघांच्या वतीनं सही केलेली. वर त्यांना तिसरा पर्याय दिलेला, की छापा घालणाऱ्या पथकातल्याच अधिकाऱ्यासमोर झडती द्या. आरोपी सुटले. याला कुणी पळवाट म्हणतं. मला ते मान्य नाही. ज्या कागदावर एका माणसाची १० वर्षं जाणार, त्यावर त्याची स्वतःची सही मागणं ही पळवाट कशी?

वजनाचंही तसंच. समजा, पोत्यात २१ किलो गांजा सापडला. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. पानं आणि बिया शेंड्यांबरोबर नसतील तर त्या गांजात मोडत नाहीत. मग वकिलानं विचारायला नको का, की २१ किलोत पोतं धरलं होतं का? देठ, काड्या, सुटी पानं किती होती? ती वेगळी काढली का? काटा कुणाचा, तो आणला कुठून? यातला किलो-दीड किलो वजा झाला, तर कलम ३७ ची अटही गेली आणि किमान १० वर्षांची शिक्षाही गेली. मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेचं सील असतं. पंचनाम्यातला सीलचा ठसा आणि प्रयोगशाळेनं पाहिलेला ठसा जुळतो का, मधले दिवस पाकीट कुठे होतं, मालखान्याच्या रजिस्टरात नोंद आहे का, हे एकेक करून विचारावंच लागतं. पाकीट बदललं गेलं नाही याची दुसरी कोणतीही खात्री कोर्टापाशी नसते.

आणि जबाब? तपास अधिकाऱ्यासमोर दिलेल्या कबुलीवर पूर्वी माणसं शिक्षा भोगत. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं ते थांबवलं. कलम ६७ खालचा असा जबाब आता कबुली म्हणून वापरता येत नाही.

इथे पालक बसले आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो. मुलाला अटक झाली, तर अटकेची कारणं लेखी मागा, आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं की नाही ते बघा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मुलगा व्यसनी असेल आणि खटला सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल, तर वकिलाला कलम ६४अ बद्दल जरूर विचारा. सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचाराला जाणाऱ्याला त्या कलमानं खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. म्हणून केंद्राचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.