पाण्याची वाट आणि संगणकाचा नकाशा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाला विषय कोणता घेणार, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी 'पावसाचे पाणी' एवढेच सांगितले. त्यांची समजूत अशी झाली की मी गच्चीवरचे पाणी टाकीत साठवण्याविषयी बोलणार. तोही विषय चांगलाच आहे. पण आज मी बोलणार आहे ते न बोलावता उंबरा ओलांडून आत येणाऱ्या पाण्याविषयी.

मुंबईत राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ हा दिवस समजावून सांगावा लागत नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच अवधीत कुलाब्याला पडला तो अवघा ७३ मिलिमीटर! शहर एक, दिवस एक आणि पावसात एवढे अंतर. म्हणजे 'मुंबईत पाऊस किती पडला' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोठे पडला आणि तेथून कोठे गेला' असे विचारले पाहिजे. त्या पुरानंतर महापालिकेने शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली, ती याचसाठी.

आता 'कोठे गेला' याचा शोध कसा घेतात ते सांगते, कारण माझे काम त्याच नकाशांचे आहे. जी. आय. एस. म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, हे नाव आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. नावाला बिचकू नये. कशिद्याचा नमुना उतरवताना आपण पातळ कागद ठेवतो ना, तसे पातळ कागद एकावर एक ठेवल्याची कल्पना करा. एका कागदावर रस्ते, दुसऱ्यावर इमारती, तिसऱ्यावर जमिनीची उंची, चौथ्यावर गटारे आणि नाले. संगणक हे सारे कागद नेमके जुळवून धरतो आणि सर्वांतून आरपार पाहतो. यासाठी लागणारे क्यू. जी. आय. एस. नावाचे साधन कोणालाही विनामूल्य मिळते.

पाण्याची वाट तो कशी काढतो? ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. सारा परिसर तो सारख्या चौकटींत विभागतो आणि प्रत्येक चौकटीत जमिनीची उंची लिहितो. मग प्रत्येक घराला एकच प्रश्न : तुझ्या भोवतीच्या आठ घरांपैकी सर्वांत उतरते कोणते? त्या घराकडे पाणी जाणार. असे घराघराने जोडत गेले की रांगोळीच्या रेषांसारख्या पाण्याच्या वाटा उमटतात. शेवटी प्रत्येक घरात किती घरांचे पाणी येऊन मिळते, ते मोजायचे. आकडा जेथे मोठा, तेथे पाण्याचा लोंढा मोठा. ही युक्ती १९८४ सालापासून प्रसिद्ध आहे आणि इतकी सोपी आहे की आपली नववीतली मुलगी चौकटीच्या वहीत ती करून दाखवील.

मात्र या सोपेपणातच एक खोच आहे. आठही बाजूंना उंच आणि मध्ये सखल असे घर आले की संगणक अडतो, कारण पाण्याला पुढे वाटच नाही. पुष्कळ वेळा असा खड्डा मोजणीतल्या चुकीने आलेला असतो. म्हणून नकाशे करणाऱ्यांची रीत अशी की आधी सारे खड्डे बुजवून टाकायचे आणि मग पाणी सोडायचे. डोंगराळ मुलुखात हे चालते. मुंबईत हे केले तर दादरचा हिंदमाताच बुजवला जाईल! तो भाग खरोखरीच बशीसारखा आहे. तेथले पाणी उतरावे म्हणून जवळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधण्याचे काम २०२१ साली हाती घ्यावे लागले. संगणकाला 'हा खड्डा खरा आहे' असे कोणीतरी माणसाने सांगावे लागते. त्याला ते आपण होऊन कळत नाही.

दुसरी गोष्ट पुलांची. उंची बहुधा आकाशातून मोजलेली असते. आकाशातून पाहणाऱ्याला रस्त्याखालची मोरी दिसत नाही, उड्डाणपूल भिंतीसारखा दिसतो आणि वडाचे झाड टेकडीसारखे. उपग्रहाची जी माहिती फुकट मिळते, तिची चौकट साधारण ३० मीटरची. एवढ्या एका चौकटीत आपले सभागृह, पुढचे अंगण आणि मागची गल्ली असे सर्व मावते आणि साऱ्यांना मिळून उंची एकच! गल्लीतले पाणी तर वीतभर उंचीच्या कठड्याने वळते. म्हणून २००५ नंतर शहराच्या बारीक उंचीरेषांचे नकाशे करण्यावर भर दिला गेला.

हे झाले जमिनीवरचे. जमिनीखालच्या नळांचा हिशेब निराळा. त्यासाठी अमेरिकेत १९७१ साली तयार झालेली एक आज्ञावली आजही जगभर वापरतात. तीही विनामूल्य आहे. तिला प्रत्येक चेंबरचा तळ, प्रत्येक नळाचा व्यास आणि उतार सांगावा लागतो. मग ती मिनिटामिनिटाला कोठले चेंबर भरून वाहू लागले ते दाखवते. येथे एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखली होती आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत धरले होते. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हे ताशी ५० मिलिमीटर करावे आणि मुरण्याचा भरवसा धरूच नये, असे सुचवले. म्हणजे वाहणारे पाणी चौपट धरायचे. त्यातून भरतीच्या वेळी समुद्र गटारांची तोंडे बंद करतो, तेव्हा पाण्याने थांबायचे तरी कोठे?

एक हजार चौरस मीटरचे अंगण घ्या. ताशी ५० मिलिमीटर पावसात त्यावर तासाला ५०,००० लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे पाच टँकर झाले. मातीचे अंगण, झाडे, थोडे गवत असेल तर पावसाच्या सुरुवातीला तरी बराच भाग मुरतो. सिमेंट केले की पाचही टँकर फाटकातून बाहेर पडतात.

आता जरा नाजूक विषय. आपल्या मंडळात सोसायट्यांतल्या भगिनी आहेत तशा मागच्या चाळींतल्याही आहेत आणि सर्वजणी एका सतरंजीवर बसल्या आहेत, म्हणून बोलण्याचे धाडस करते. पाणी शिरले की सोसायटी भराव घालून अंगण फूटभर उंच करते. त्यात त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. तळमजल्यावरच्या बाईचे धान्याचे डबे दरवर्षी भिजत असतील तर तिने काय करावे? पण नकाशात त्या चौकटींची उंची फूटभर वाढवून तोच पाऊस पुन्हा पाडून पाहिला की लोंढ्याची रेषा सरकते आणि बहुतेक वेळा ती अधिक सखल, अधिक गरीब वस्तीत शिरते. भराव घालण्याआधी हे पाहता येते. खर्च फारसा नाही. उंची नीट मोजणारा माणूस आणि दोन दिवसांचे काम. असा नकाशा सर्वसाधारण सभेत भिंतीवर लावावा आणि मागच्या चाळीतल्या दोघींना मुद्दाम बोलवावे, असे माझे मत आहे. कदाचित भरावाऐवजी गल्लीच्या तोंडाशी एक मोठी जाळी पुरेशी ठरेल.

संगणकाने दाखवलेले खरे मानायचे का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. यायलाच हवा. गटारात गाळ किती, जाळीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या किती, नवी भिंत कोणी घातली, हे त्याला ठाऊक नसते. गोल नळात एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ बसला तर पाण्याला वाहायला सुमारे ७१ टक्केच जागा उरते. कागदावर मात्र नळ पूर्ण मोकळा असतो. म्हणून नकाशाने सांगितलेले पाणी आणि खरोखर चढलेले पाणी यांची जुळणी पाहावी लागते. ती जुळेपर्यंत आकडे सुधारत जायचे. पण खरोखर चढलेले पाणी कोणी लिहून ठेवलेले असते का? सरकारी दफ्तरात मुख्य चौकांची नोंद सापडेल. आपल्या मागच्या गल्लीची नाही.

ती नोंद आपण ठेवू शकतो. त्या वेळी घरात असतात त्या बहुधा बायकाच. 'गुडघाभर पाणी होते' असे मात्र लिहू नका. गुडघे सर्वांचे सारखे नसतात. जिन्याची कितवी पायरी बुडाली, तारीख, पाणी केव्हा आले, केव्हा ओसरले, त्या वेळी भरती होती की ओहोटी, एवढे पुरे. मोबाइलवर छायाचित्र काढले तर त्यात फाटकाचा खांब यावा, म्हणजे उंची मागाहून मोजता येते. पाणी आले नाही त्या मोठ्या पावसाचीही नोंद हवी. आम्हाला तिचा उपयोग तितकाच होतो.

चिटणीसबाईंशी माझे बोलणे झाले आहे. शंभर पानी वही मंडळाच्या कपाटात राहील. मृग लागण्यापूर्वी सभागृहाच्या फाटकावर, चाळीच्या नळाजवळ आणि गिरणीच्या कोपऱ्यावर अशा तीन ठिकाणी खांबांवर सेंटिमीटरची पट्टी रंगवायची आहे. रंग मी आणीन. ज्यांचे अक्षर ठसठशीत आहे अशा दोघींनी आज जाण्यापूर्वी नावे द्यावीत.